फाइल कुणाच्या कपाटात?

ताई, नमस्कार.

मी घाटकोपरला डोंगरावरच्या एका वस्तीत राहते. वय २५, एका दवाखान्यात काउंटरला बसते. वस्तीत आठ चाळी, ३०० घरं. रजिस्टर केलेलं रहिवासी मंडळ आहे, पण गेली १८ वर्षं अध्यक्ष एकच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. महापालिकेनं बांधून दिलेला दुमजली संडास मंडळ चालवतं. घरटी महिन्याला १०० रुपयांचा पास. हिशोब आजवर कुणी पाहिलेला नाही. खिडकीवर क्यूआर कोड चिकटवलाय, त्यावर पैसे टाकले की अण्णांच्या मुलाचं नाव येतं. बायकांच्या बाजूचे दोन संडास पावसाळ्यापासून तुंबलेत, एकाला आतून कडी नाही.

दिवाळीनंतर आम्ही पाचजणी हिशोब मागायला गेलो. अण्णा चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "तुझ्या आईला विचार, ही वस्ती कुणी वाचवली ते." घरी आल्यावर आईनं मलाच झापलं. नळ अण्णांनी आणला, तोडायला गाडी आली तेव्हा अण्णाच आडवे झाले. हे खोटं नाही ताई, मला माहीत आहे.

आता महिनाभर ते घरोघरी आधारच्या झेरॉक्स आणि एका कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतायत. बिल्डर येणार म्हणतात. आमच्यातली मुलं म्हणतात, नवं मंडळ काढू. एका पक्षाच्या शाखेतला एकजण म्हणतो, आमच्याकडे या, लेटरहेड देतो. मी एक सभा बोलावली, पन्नासेक लोक आले, नुसता आरडाओरडा झाला. शेवटी एक काका म्हणाले, "तू उद्या लग्न करून जाशील, आम्हाला इथेच राहायचंय." गावी पाटणकडे माझा चुलता ग्रामसभेत सरपंचाला उभं करून विचारतो. इथं मला साधा संडासाचा हिशोब मागता येत नाही. झोपडपट्टीत लोकशाही वगैरे सगळं पुस्तकी आहे का? काय करू?

– एक रहिवासी

प्रिय मैत्रिणी,

आधी सह्यांचं बोलू. बाकीचं महिना-दोन महिने थांबेल, हे थांबणार नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. ज्यांनी केली असेल त्यांनी अण्णांकडे त्याची प्रत मागायची, तीही लेखी, आणि दुसऱ्या कागदावर पोच घ्यायची. आधारची झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहायचं: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. खाली सही अशी करायची की निम्मी छापील मजकुरावर येईल. आज संध्याकाळी नळावर चारजणींना सांगितलंस तर उद्या सकाळपर्यंत आठही चाळींत पोचेल.

घाई का, ते सांगते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या अखेरीस सुरू झालं. तेव्हापासून बिल्डरला पहिल्यांदा लागते ती रहिवाशांची संमती. पूर्वी ७० टक्के लागायची, आता ५१ टक्क्यांवर भागतं. तुमची ३०० च्या ३०० घरं पात्र धरली तरी १५३ सह्या झाल्या की काम झालं. उरलेल्यांनी पुढं कितीही आरडाओरडा केला तरी गाडी सुटलेली असते. पक्क्या इमारतीत ३०० चौरस फुटांचं घर मिळत असेल तर ते कुणाला नको? पण बिल्डर कोण, इमारत होईपर्यंतचं भाडं किती आणि किती महिन्यांचं आगाऊ, तोवर राहायचं संक्रमण शिबिर कुठं, हे भर सभेत ठरल्याशिवाय सही देऊ नका. अण्णा लबाडी करतायत असं मी म्हणत नाही. तूही म्हणू नकोस, निदान लेखी तरी कुठं नको. हिशोब मागणं हा तुझा हक्क आहे. चोर म्हणालीस तर अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर देत बसशील आणि हिशोब राहील बाजूला.

आता अण्णांचं. आई चुकीचं बोलत नाही, आणि तिच्याशी वाद घालून तू जिंकणारही नाहीस. मुंबईतल्या वस्तीत अण्णा कसे तयार होतात ते समजून घेतलंस तर त्यांच्याशी कसं वागायचं ते आपोआप सुचेल. १९७६ साली सरकारनं झोपड्यांची मोजणी करून फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, दिले. त्याच साली, आणीबाणीत, ट्रॉम्बेच्या बाजूची जनता कॉलनी उठवली. हजारो कुटुंबांना चीता कॅम्पला नेऊन टाकलं. पुढं झोपडी पात्र धरायला कधी १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव आहे का बघायचे, मग ती तारीख २००० झाली, मग पैसे भरून २०११. दर वेळी नवा कागद आणि नवी खिडकी. आठ तास कामावर उभ्या राहणाऱ्या माणसाला वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला सवड कुठली? मग ज्याला सवड होती, थोडं लिहितावाचता येत होतं आणि कॉलनी अधिकाऱ्याशी बोलायची भीती वाटत नव्हती, त्याच्याकडे सगळ्यांनी आपापले कागद ठेवायला दिले. त्याच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटात वस्तीची फाइल गेली ती गेली. अठरा वर्षांत अण्णांना कुणी निवडून दिलं नाही आणि कुणी पाडलंही नाही, कारण ते कपाट उघडायचा प्रश्नच कधी आला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अण्णांना हलवायच्या मागे लागू नकोस. फाइल हलव. त्या फाइलीतल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत वस्तीत आणखी तीन-चार घरांत असली की अण्णा अध्यक्ष राहिले काय आणि नाही राहिले काय, फारसा फरक पडत नाही. यातला बराचसा भाग अण्णांना न विचारताही करता येतो.

संडासापासून सुरुवात कर. मुंबईत वस्त्यांमधले असे संडास १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या मलनिस्सारण प्रकल्पात बांधायला घेतले. इमारत महापालिकेची, चालवायचं वस्तीच्या संस्थेनं. वीज, पाणी, साफसफाईचा खर्च पासातून. त्यासाठी महापालिका आणि संस्था यांच्यात करार होतो. तुमच्या संडासाचाही तसा करार वॉर्ड ऑफिसात असायला हवा. तो मागवून घे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा त्यात अण्णांची कर्मकहाणी लिहू नकोस. 'अमुक ठिकाणच्या सार्वजनिक शौचालयाबाबत महापालिका व संस्था यांच्यातील कराराची प्रत व त्यातील अटी' एवढंच. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज एकट्या तुझ्या नावानं नको. आठ चाळींतून आठ वेगवेगळे अर्ज वेगवेगळ्या कागदांसाठी जाऊ देत: एक कराराचा, एक पाण्याच्या जोडणीचा, एक वस्तीतल्या गटारकामांवर झालेल्या खर्चाचा. आठ घरांत आठ पाकिटं आली की वस्तीला कळतं, कागद मागितला की मिळतो.

दुसरा कागद वरळीला, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. मंडळ संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली नोंदलेलं असणार आणि न्यास म्हणूनही. तिथं मंडळाची घटना, विश्वस्तांची नावं, भरलेले असतील तर हिशोब, यांच्या प्रती अर्ज करून मिळतात. घटना नीट वाच. रहिवासी मंडळांच्या निम्म्या घटना एकाच टायपिस्टच्या हातून उतरल्यासारख्या असतात: कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं, दर वर्षी सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, आणि इतक्या सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा. तुमच्या घटनेत हे शेवटचं कलम आहे का बघ. असलं तर तुला सभा 'बोलवायची' गरज नाही, मागायची. मागच्या वेळी तू बोलावलीस म्हणून ती तुझी सभा झाली, आणि तुझ्या सभेत तुझ्यावर ओरडायला लोक मोकळे होते.

एवढ्यासाठीच नवं मंडळ नको. सात माणसांच्या सह्यांवर मंडळ उभं राहतं, आणि ते सातजण बहुधा एकमेकांचे मेव्हणे-साडूच असतात. उद्या वॉर्ड ऑफिसात एकाच वस्तीची दोन लेटरहेडं गेली की साहेब दोन्ही बाजूला ठेवून म्हणणार, आधी तुमच्यात ठरवा. बिल्डरला तर हे हवंच असतं, तो एका मंडळाशी बोलतो आणि दुसऱ्याला खेळवतो. आणि नवी कार्यकारिणी निवडून चेंज रिपोर्ट, म्हणजे धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद करायचा अर्ज, दाखल केलात, त्यावर जुन्यांनी हरकत घेतली, तर तारखांवर तारखा पडतात. नव्वद दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. निकालाला मात्र तशी काही घाई नसते. ते दार बंद करू नकोस, पण पहिलं तेच ठोठावू नकोस.

शाखेच्या माणसाला काय सांगायचं? चहा प्यायला बोलव. पण एकट्याला नको, सगळ्या पक्षांच्या लोकांना एकाच दिवशी, तुंबलेल्या संडासासमोर, एकच छापील अर्ज हातात देऊन. जो काम करून देईल त्याचे आभार बोर्डावर लिहू म्हणावं. लेटरहेड मात्र घ्यायचं नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. ज्या वस्त्यांचा सगळा व्यवहार एका नगरसेवकाच्या फोनवर चालायचा, त्यांना त्या काळात कुणाला फोन लावायचा तेच कळेना.

तू चुलत्याचं लिहिलंस ते माझ्या मनात राहिलं. चुलता सरपंचाला उभं करतो कारण ग्रामसभा कायद्यानं भरवावीच लागते, तिची नोटीस लागते, इतिवृत्त लागतं. शहरातल्या माणसाला ७४ व्या घटनादुरुस्तीनं, १९९३ पासून, दिली ती प्रभाग समिती. आणि तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ती इतकी मोठी असते की तिथं तुझा संडास पोचतच नाही. पुढं केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेच्या (जेएनएनयूआरएम) काळात राज्याच्या महापालिका कायद्यांत 'क्षेत्रसभा' आली: मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा, ग्रामसभेची शहरी बहीण म्हण. तुला तिचं आमंत्रण कधी आलं का? मलाही नाही. ओडिशात मात्र २०१७ साली झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देणारा कायदा झाला, आणि त्यापाठोपाठच्या 'जागा मिशन' या सरकारी योजनेत वस्तीवस्तीत रहिवाशांच्या संघटना बांधल्या. वस्तीतली छोटी गटारं-पायवाटांची कामं ठेकेदाराऐवजी थेट त्या संघटनांना देण्यापर्यंत तिथल्या सरकारनं मजल मारली. म्हणजे तुझी मागणी काही जगावेगळी नाही. आपल्याकडे ती खुर्ची अजून कुणी मांडून ठेवलेली नाही, इतकंच. तोवर आपली सतरंजी आपणच घालायची.

ती कशी घालायची? सभेच्या आधी यादी कर.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा फुटपाथवासीयांचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. पण फुटपाथ मोकळे करायला परवानगीही दिली, पावसाळा संपल्यावर. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपुढं तेव्हा दगड मारायचे की रडायचं असा प्रश्न होता. त्यांनी 'स्पार्क' संस्थेबरोबर आपल्या झोपड्या मोजायला घेतल्या. कोण कुठून आलं, किती वर्षं झाली, घरात कमावतं कोण. पुढच्या वर्षी त्यातून महिला मिलन उभं राहिलं. रोज रुपया-दोन रुपये बचत, दर गल्लीला एक बाई गोळा करणारी, तिच्या हातात वही. जनता कॉलनीच्या लढ्यातून पुढं आलेले जोकिन अर्पुथम आणि त्यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघही त्यांच्यासोबत आला. मोर्चे आणि कोर्ट करूनही जनता कॉलनी गेलीच होती. सरकारकडे आपल्याबद्दल जेवढी माहिती आहे त्याच्याहून चांगली आपल्याकडे हवी, हे त्या लोकांना ठेच लागून कळलं होतं.

तुमच्या ३०० घरांची अशी यादी तुमच्याकडे आहे का? अण्णांकडे असेल, कपाटात. तर दर चाळीत दोघीजणी, हातात शंभर पानी वही, एका रविवारी. घर क्रमांक, कधीपासून राहतात, माणसं किती, संडासाचा पास आहे का, नळ कुठल्या गटाचा आणि बिल कुणाच्या नावानं येतं. हे शेवटचं मुद्दाम विचार. वस्तीतली जोडणी पाच-दहा घरांच्या गटाला मिळते आणि एकजण सेक्रेटरी असतो. आईला तिच्या नळाचं बिल काढायला लाव. अण्णांनी नळ आणला त्या काळी पाणी मिळणं ही मेहेरबानीच होती, ते श्रेय त्यांचंच. पण २०१४ च्या डिसेंबरात, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, उच्च न्यायालयानं झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही असं बजावलं. २०२२ मध्ये महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरणही काढलं. आता वस्तीत नवा नळ हवा असेल तर अण्णांच्या ओळखीची गरज नाही, अर्जाची आहे. हे आईला वादात सांगू नकोस. शेजारच्या चाळीतला एखादा अर्ज मंजूर झाला की ती आपणहून बोलेल.

आणि आता एक प्रश्न तुला. तुझ्या त्या सभेत आलेल्या पन्नासांत भाडेकरू किती होते?

डोंगरावरच्या वस्त्यांत खाली मालक, आणि लोखंडी शिडीनं वर जायचं ते भाडेकरूचं घर, हे तू मला सांगायला नको. पास तोही काढतो, किंबहुना नियमानं काढतो, कारण त्याला बोलायची सोय नसते. मंडळात तो सभासद नाही, पुनर्वसनाच्या पात्रतेच्या यादीत वरच्या मजल्याला वर्षानुवर्षं जागाच नव्हती, आणि गणपतीच्या वर्गणीला मात्र पहिला आवाज त्यालाच. तुझ्या पत्रात '३०० घरं' लिहिलंयस. वरची धरून की सोडून? अण्णांनी तुम्हाला जसं हिशोबाबाहेर ठेवलं तसं तुम्ही कुणाला ठेवलंय, हे यादी करताना कळेल. पुनर्वसनात भाडेकरूला काय मिळेल हे तुमच्या हातात नाही. पण संडासाच्या सभेत ज्याचा पास त्याला मत, हे उद्यापासून होऊ शकतं. मालक कुरकुरतील, 'आज आहेत उद्या नाहीत' म्हणतील. ते काका तुझ्याबद्दल हेच तर म्हणाले.

सभेचं तंत्र सांगते, ते थोडक्यात उरकते कारण त्यात फार विद्वत्ता नाही. आधी चाळीचाळीत ओट्यावर बैठक, मग मोठी सभा. ओट्यावर बाराजणी बोलतात, मोठ्या सभेत फक्त चार मोठे आवाज. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी तीनला मोकळ्या होतात आणि रात्रपाळीचे पुरुष सकाळी झोपलेले असतात. वेळ त्यांना विचारून ठेव, स्वतःच्या सुट्टीच्या हिशोबानं नको. चाळीमागे दोन प्रतिनिधी, त्यातली एक बाई. मुदत दोन वर्षं. हात वर करून मतदान नको. अण्णांच्या डोळ्यांसमोर हात वर करायला नाही म्हटलं तरी जड जातं. नावांच्या छापील चिठ्ठ्या, खूण करायची, पत्र्याचा डबा, आणि मोजायला वस्तीबाहेरचे एखादे निवृत्त मास्तर. गडचिरोलीतल्या मेंढा गावात सगळं सर्वसहमतीनं ठरतं आणि ते मला फार आवडतं. पण तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली आहेत. तुमच्याकडे सर्वसहमतीची वाट बघाल तर पुढचा पावसाळा येईल आणि संडास तुंबलेलेच असतील. साधं बहुमत पुरे.

पैशांचं मात्र सविस्तर बोलायला हवं. मंडळाच्या नावानं बँक खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि त्या तिघांत एका घरातले दोघे नकोत. क्यूआर कोड त्या खात्याचा. ही मागणी अगदी गोड आवाजात कर: "अण्णा, उगाच तुमच्या पोराच्या खात्यावर लोकांचे पैसे, उद्या इन्कमटॅक्सवाल्यांनी विचारलं तर त्याला त्रास नको." हे खरंही आहे. मग हिशोब भिंतीवर. संडासाच्या बाहेरच्या भिंतीला काळा ऑइलपेंट मारा, दर महिन्याच्या पाच तारखेला खडूनं लिहा: पास किती, सुटे किती, वीजबिल, पाणीबिल, राखणदाराचा पगार, फिनेल, ॲसिड, दुरुस्ती. व्हॉट्सॲपवर फोटो टाका, पण त्यावर विसंबू नका. घरात फोन बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात असतो आणि संडासाला सगळे जातात. मी पाहिलेल्या एका वस्तीत असा फळा लावला. पहिल्याच महिन्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'इतर – २,३००'. सत्तरीतल्या एक आजी नातीकडून वाचून घेत होत्या. म्हणाल्या, "हा इतर कोण? कुठल्या चाळीत राहतो? त्याला एवढे पैसे कशाला?" रांगेतली सगळी माणसं हसली. पुढच्या महिन्यात ती ओळ फोडून लिहिली गेली: बल्ब, कुलूप, गटार साफ करणाऱ्याची मजुरी. उरलेले ८०० रुपये कशाचे ते कुणालाच सांगता आलं नाही, आणि ते परत जमा झाले. पोलीस नाही, कोर्ट नाही.

तुमचा आकडाही काढून बघ. ३०० पैकी १८० घरांचे पास असले तरी महिन्याला १८,००० रुपये झाले. राखणदार, वीज, पाणी जाऊन त्यात कडी बसवायला पैसे नक्की उरतात. उरत नसतील तर तेही फळ्यावर येऊ दे. कदाचित अण्णा पदरचे घालत असतील. असे पुढारी मी पाहिलेत, हिशोब न ठेवल्यामुळे चांगुलपणाही सिद्ध करता येत नाही त्यांना. तुंबलेल्या दोन संडासांसाठी महापालिकेची गाडी मागवा, तक्रार क्रमांक घ्या. पाचशे रुपये देऊन कुणा माणसाला टाकीत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मरतात.

अण्णांना सभेत पहिल्या रांगेत बसव. नारळ, शाल, जे काही असेल ते. वस्ती वाचवल्याबद्दल ठराव मांड आणि तो खरोखर मनापासून मांड. माणूस खुर्ची सोडायला घाबरतो तो अनेकदा खुर्चीसाठी नाही. उतरल्यावर आपल्याला कुणी विचारणार नाही ही भीती असते. वॉर्ड ऑफिसात कुणाला कसं बोलायचं हे त्यांना माहीत आहे, तुला नाही. प्रत्येक फेरीला नव्या प्रतिनिधींपैकी दोघांना त्यांच्यासोबत पाठव. "अण्णा, आम्हाला शिकवा" हे वाक्य बऱ्याच घरांतलं कपाट उघडतं. नाहीच उघडलं, उलट धमक्या आल्या, तर एकटीनं कुठं जायचं नाही, चार वयस्क बायका घेऊनच जायचं, आणि पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवून तिची प्रत जपून ठेवायची. तेव्हा मग घटनेतलं ते विशेष सभेचं कलम आणि धर्मादाय आयुक्त आहेतच.

राहिले ते काका. तू लग्न करून जाशील, कदाचित जाशीलही. म्हणून पहिल्या सभेचं इतिवृत्त तू लिहू नकोस. अक्षर चांगलं असलेली दहावी-अकरावीतली एखादी मुलगी बघ, शक्यतो वरच्या मजल्यावरची, आणि तिच्याकडे वही दे. तारीख, हजर माणसं, ठराव, सूचक, अनुमोदक, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे, हे कसं लिहायचं ते तिला आदल्या दिवशी अर्धा तास बसून दाखव. पहिल्या ठरावाला सूचक म्हणून त्या काकांनाच विचार. ठराव कडी बसवण्याचा असला तर नाही म्हणणार नाहीत, त्यांच्याही घरात बायका आहेत. वहीची प्रत्येक पानाची झेरॉक्स त्याच रात्री चार घरांत जाऊ दे. आणि आरटीआयला काय उत्तर आलं ते मला कळव. करारात पासाचा दर कुणी ठरवायचा याबद्दल काय लिहिलंय ते मलाही वाचायचं आहे.

– तुझी ताई